पडद्यावरचा काळोख कोण मोजणार?

आपल्या मंडळींच्या घरांतून गेल्या काही वर्षांत प्रोजेक्टरचे आगमन मोठ्या थाटाने झाले आहे. जयेंद्रगंजात काय किंवा लष्करच्या अन्य भागांत काय, मुलांनी पुण्या-बंगळूरहून येताना आणलेले हे यंत्र दिवाणखान्यात विराजमान होते, समोरच्या भिंतीवर शंभर इंची पडदा उतरतो आणि सुटीच्या दिवशी चार घरची माणसे एकत्र बसून चित्रपट पाहतात. यात तक्रार करण्याजोगे काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर आपण जो भाबडा विश्वास ठेवतो त्यास. ‘४,००० ल्युमेन’, ‘१,००,००० : १ कॉन्ट्रास्ट’, ‘फोर-के सपोर्ट’ अशी ती अक्षरे असतात. हिमोग्लोबिनचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला आणि प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा कोणती, हे विचारल्यावाचून जो डॉक्टर अहवाल हातात धरत नाही, तोच डॉक्टर हे आकडे वेदवाक्य मानून पैसे मोजून घरी येतो.

ही केवळ हौसेची बाब असती तर या स्मरणिकेची पाने मी अडवली नसती. परंतु त्याच जातीचे यंत्र आपल्या मासिक सभांत, व्याख्यानांत आणि सी.एम.ई.च्या कार्यक्रमांत छातीचे एक्स-रे, मेंदूचे सी.टी. आणि त्वचारोगांची छायाचित्रे दाखवण्यासाठी वापरले जाते. तेथे चित्र कसे दिसते यावर कोणी काय शिकून घरी जाणार हे अवलंबून असते. म्हणून माझे म्हणणे असे की, चित्राचा दर्जा यंत्राच्या माहितीपत्रकात शोधू नये. ज्या खोलीत, ज्या भिंतीवर आणि ज्या उजेडात ते चित्र पाहावयाचे आहे तेथेच तो मोजावा. मोजणे अवघड नाही आणि महागही नाही. आपण ते करत नाही एवढेच.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो. काळ्या जागी प्रकाश टाकावयाचा नसतो, एवढेच त्याच्या हाती असते. अर्थात पडद्यावर जे ‘काळे’ दिसते ते त्या खोलीतील पांढऱ्या पडद्याचे मूळ रूप होय. सारे दिवे चालू असताना प्रोजेक्टर बंद करून पडद्याकडे पाहावे. तो जितका पांढरा दिसेल, तितकाच चित्रातला काळा पांढरा असणार. उत्तम यंत्र आणले तरी यात फरक पडत नाही. दूरचित्रवाणीच्या संचाचे तसे नाही, कारण त्याचा पृष्ठभाग स्वतः काळा असतो. प्रोजेक्टरवाल्याला मात्र काळोख स्वतःच निर्माण करावा लागतो. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडून ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ उभा केला. विजेची झगमग नसलेल्या त्या काळात काळोख आपोआपच मिळत असे; आपल्याला तो आता प्रयत्नपूर्वक मिळवावा लागतो.

आता थोडे गणित. वाचकांनी कंटाळू नये, कारण साऱ्या विषयाचे मर्म यातच आहे. समजा, सभागृहात आठ फूट बाय सहा फुटांचा पडदा आहे आणि प्रोजेक्टर खरोखरच ३,००० ल्युमेन देतो. पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस मीटर, म्हणजे पांढऱ्या चित्राच्या वेळी पडद्यावर सुमारे ६७० लक्स प्रकाश पडेल. माहितीपत्रक २,००० : १ असा कॉन्ट्रास्ट सांगते, तो खरा धरला तर काळ्या जागी प्रोजेक्टरचा स्वतःचा गळका प्रकाश ०.३ लक्सच्या आसपास. येथवर सारे सुंदर आहे. परंतु वक्त्याला टिपण दिसावे, उशिरा येणाऱ्यांना खुर्ची सापडावी आणि चहा देणाऱ्याने कोणाच्या अंगावर कप उपडा करू नये म्हणून आपण अर्ध्या ट्यूबलाइट चालू ठेवतो. त्यांचा १०० लक्स प्रकाश पडद्यावर पडला, तर पांढरी जागा ७७० लक्स आणि काळी जागा १००.३ लक्स. गुणोत्तर उरले पावणेआठास एक. दोन हजारांचे आठसुद्धा राहिले नाहीत! पडद्यावर पडणारा बाहेरचा उजेड १० लक्सवर आणला तर हेच गुणोत्तर ६६ होते आणि १ लक्सवर आणला तर ५०० च्या घरात जाते. यंत्र तेच, दिवा तोच. बदलली ती फक्त खोली.

यावर कोणी म्हणेल, पावणेआठ तर पावणेआठ, अक्षरे तर वाचता येतात ना? येतात. नेमकी तीच तर मेख आहे. प्रक्षेपित चित्रासाठी दृक्-श्राव्य व्यवसायाच्या अमेरिकेतील ‘इन्फोकॉम’ या संस्थेने २०११ साली जे राष्ट्रीय मानक सिद्ध केले, त्यात खोलीतील उजेडासह कॉन्ट्रास्ट किती हवा याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत. नुसते बसून पाहण्यासाठी ७ : १, चित्रावरून साधे निर्णय घेण्यासाठी १५ : १, बारकाव्यांचा अभ्यास करून निर्णय घेण्यासाठी ५० : १ आणि चलच्चित्रासाठी ८० : १. आपले सभागृह जेमतेम पहिल्या पायरीवर उभे असते आणि आपण दाखवतो ती चित्रे तिसऱ्या पायरीची. शिवाय माझ्या वरील हिशेबात पांढऱ्या जागेचा प्रकाश भिंतींवर, छतावर आणि पांढऱ्या शर्टांवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो तो धरलेलाच नाही. तो धरला की आकडा आणखी खाली येतो.

क्ष-किरणांच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा हिशेब अधिकच बोचतो. चांगल्या एक्स-रे फिल्मवर फिकट जागेची घनता ०.२ आणि गडद जागेची ३ च्या आसपास असते. व्ह्यू बॉक्सवर लावल्यास दोन्हींतून येणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर सहाशेच्या वर जाते. निदानासाठी वापरावयाच्या संगणकीय पडद्यांकरिता आज सुमारे ३५० : १ इतके गुणोत्तर आणि किमान ३५० कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतकी तेजस्विता अपेक्षित धरली जाते, स्तनांच्या एक्स-रेसाठी ४२०. फिल्म वाचण्याची खोलीही मंद उजेडाचीच असते. आणि आपण तीच फिल्म मोबाइलने टिपून, ती पॉवरपॉइंटमध्ये चिकटवून, आठास एक गुणोत्तराच्या पडद्यावर दाखवतो आणि विचारतो, “काय दिसते?”

काय दिसत नाही हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. बाहेरचा उजेड चित्राच्या प्रत्येक बिंदूत सारखाच मिसळतो; परंतु फिकट बिंदूला त्याचे काही वाटत नाही, गडद बिंदू मात्र त्यात बुडतो. चाचणीच्या चित्रात शून्य टक्के काळ्या चौकोनात ५ टक्के राखाडी छोटा चौकोन असतो. क्ष-किरण विभागात काम केलेल्यांच्या तो परिचयाचा आहे. आपल्या काल्पनिक सभागृहात या ५ टक्क्यांचा प्रकाश पडद्यावर भरतो जेमतेम ०.९ लक्स. १ लक्सच्या खोलीत काळा चौकोन १.३ आणि त्यातला छोटा २.२, म्हणजे स्पष्ट वेगळा. १०० लक्सच्या खोलीत काळा १००.३ आणि छोटा १०१.२. फरक एक टक्का सुद्धा नाही, आणि मानवी डोळ्याची भेद ओळखण्याची मर्यादा अत्यंत अनुकूल परिस्थितीत एक टक्क्याच्या आसपास आहे. मागच्या रांगेत बसलेल्या साठीच्या डॉक्टरसाहेबांच्या मोतीबिंदू उमलू लागलेल्या डोळ्यांची गोष्ट तर सोडूनच द्या.

छातीच्या चित्रात हा गडद भाग कोठे असतो? फुप्फुसाच्या कडेला. छोट्या न्यूमोथोरॅक्सची केसासारखी रेषा तेथेच असते. आपण सभेत ती बाणाने दाखवतो, लोक माना डोलावतात, आणि भिंड-मुरैन्याहून आलेला तरुण डॉक्टर मनाशी ठरवतो की, आपल्याला दिसत नाही म्हणजे आपलीच नजर कच्ची आहे. याहून वाईट असे की, शेजारी दाखवलेले ‘सामान्य’ चित्रही तितकेच धुतलेले असते आणि तोच त्याचा सामान्याचा नमुना बनतो. शिक्षणातील ही हानी कोणत्याही नोंदवहीत येत नाही, म्हणून तिची कोणाला खंत नाही.

गंमत अशी की, पडदा आणि क्ष-किरण ही जुळी भावंडे आहेत. २८ डिसेंबर १८९५ या दिवशी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रांचा पहिला खेळ केला. आणि त्याच दिवशी प्राध्यापक राँटगेन यांनी वुर्झबर्ग येथील भौतिक-वैद्यकीय मंडळाकडे आपल्या नव्या किरणांवरील निबंध सादर केला. तोही एका मंडळाकडेच, हे आपण ध्यानी घ्यावे. दोन्ही शोधांना काळोखाची गरज होती. फ्लुओरोस्कोपी करणारे जुने तज्ज्ञ लाल काचांचे चष्मे लावून अर्धा तास बसत आणि डोळे काळोखाला सरावल्यावरच पडद्यासमोर जात; ट्रेंडेलनबुर्ग यांनी १९१६ साली हे चष्मे प्रचारात आणले. प्रतिमा उजळ करणारी नळी आली आणि ते चष्मे अडगळीत गेले. त्यांच्याबरोबर काळोखाविषयीचा आदरही गेला, असे मला पुष्कळदा वाटते.

व्याख्यानांतही तेच झाले. १९४६ साली सुरू झालेल्या आपल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात ज्यांचे शिक्षण काचेच्या चौकटीतल्या स्लाइडींवर झाले, त्या ज्येष्ठांना आठवत असेल की, स्लाइड लागण्यापूर्वी दिवे मालवले जात. त्या स्लाइडीत गडद रंग खरोखर गडद असत आणि त्या उजेडात दाखवताच येत नसत. पुढे पॉवरपॉइंट आले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, आठ मुद्दे, खाली कंपनीचे बोधचिन्ह. हा मजकूर उजेडातही वाचता येतो, म्हणून दिवे चालू राहिले. आणि एक्स-रेचे चित्र त्या अक्षरांच्या पंगतीत आगंतुकासारखे येऊन बसले. त्याच्या पानात काय वाढले गेले याकडे यजमानाचे लक्षच नाही. वक्त्याचा यात दोष नाही. सभागृहाची व्यवस्था करणाऱ्यांचा, म्हणजे आपलाच, आहे.

आता मोजायचे कसे ते सांगतो. लागते ते एक लक्समीटर, जो दोन-तीन हजार रुपयांच्या आत मिळतो, एक मोजपट्टी आणि संगणकावर स्वतः बनवता येतील अशी पाच-सहा चित्रे. मोबाइलमध्ये लक्स दाखवणारे उपयोजन असते, पण दोन मोबाइल शेजारी धरले तर दोन उत्तरे देतात. तुलनेपुरते ठीक, नोंदीसाठी नको. यंत्र निदान पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावे. मग पूर्ण पांढरे चित्र लावून पडद्याचे नऊ सारखे भाग कल्पावेत आणि प्रत्येकाच्या मध्यभागी मीटरचे तोंड प्रोजेक्टरकडे करून आकडा घ्यावा. ही नऊ भागांची रीत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९२ साली रूढ केली. पुढे आंतरराष्ट्रीय मानकातही ती आली. नऊ आकड्यांची सरासरी, त्यातून प्रोजेक्टर झाकला असता येणारा आकडा वजा, आणि उरलेल्यास पडद्याच्या चौरस मीटरांनी गुणणे: हे झाले आपल्या घरचे खरे ल्युमेन. माहितीपत्रकातील आकड्याच्या निम्मे भरले तर आश्चर्य मानू नये. स्वस्त यंत्रांवरील आकडा पुष्कळदा पडद्यावर पोहोचणाऱ्या प्रकाशाचा नसतोच; आतल्या दिव्याचा असतो, काही वेळा तोही नसतो. नऊ आकड्यांतील कोपऱ्याचे आकडे मधल्याच्या मानाने फार कमी असतील तर चित्र कडेला अंधारे आहे, आणि छातीच्या फिल्मचे कॉस्टोफ्रेनिक कोन नेमके कडेलाच येतात.

यानंतर कॉन्ट्रास्ट. पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र आळीपाळीने लावून जे गुणोत्तर येते ते कंपन्यांचे लाडके, कारण काळे चित्र आले की यंत्र आतला पडदा मिटते किंवा दिवा मंद करते आणि आकडा फुगतो. खऱ्या चित्रात काळे-पांढरे एकाच वेळी असतात. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखे सोळा चौकोनांचे चित्र लावावे, आठ पांढऱ्या चौकोनांची सरासरी आठ काळ्यांच्या सरासरीने भागावी. हे करताना खोलीतील दिवे नेहमी सभेच्या वेळी असतात तसेच ठेवावेत. परीक्षेपुरता अंधार करून मिळवलेले गुण काय कामाचे? मोजणाऱ्याने गडद कपडे घालावेत. आपल्या व्यवसायाचा पांढरा कोट अंगात असला तर काळ्या चौकोनावरील आकडा त्यानेच वाढतो! ज्यांना यंत्राचा मूळ काळा तेवढा तपासायचा आहे आणि ज्यांचे मीटर एक लक्सच्या खाली नीट दाखवत नाही, त्यांनी मीटर पडद्याऐवजी भिंगाच्या जवळ धरावे. तेथे प्रकाश एकवटलेला असल्याने आकडे मोठे येतात आणि गुणोत्तर तेच राहते. भिंगात डोळा घालून मात्र पाहू नये.

रेषांचा सुस्पष्टपणा हा आणखी वेगळा गुण. नेत्रतज्ज्ञांना हे समजावण्याची आवश्यकता नाही. स्नेलेनच्या तक्त्यावर ६/६ वाचणारा रुग्ण पेली-रॉबसनच्या तक्त्यावरील फिकट अक्षरांशी अडखळतो, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातले आहे. प्रोजेक्टरचेही तसेच. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र तसे चित्र स्वीकारते इतकाच. ते प्रत्यक्ष दाखवताना किती बिंदूंत दाखवते ते वेगळे, आणि तोच आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो अथवा नसतोच. एकेका बिंदूच्या काळ्या-पांढऱ्या रेषांचे चित्र लावले आणि पडद्यावर सलग राखाडी किंवा लाटा दिसल्या, तर काय समजायचे ते समजावे. पडद्यावर सतत एकाच जागी राहणारा पांढरा ठिपका म्हणजे आतला एक सूक्ष्म आरसा निकामी झालेला असतो. फुप्फुसाच्या चित्रावर तो आला की कॅल्सिफिकेशनचा भास करून देतो.

रंगांचा प्रश्न मी थोडक्यात सांगणार होतो, पण तो तसा सुटत नाही. पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेचा जोर असतो. सर्वांत जास्त उजेड मिळवायचा तर हा हिरवा जसाच्या तसा सोडावा लागतो. ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’ नावाचा प्रकार बहुधा तेच करतो आणि खोक्यावरचे ल्युमेनही याच प्रकारात मोजलेले असतात. परिणामी चेहरे हिरवट-पिवळे दिसतात. आता अशा पडद्यावर कावीळ शिकवा! पांडुरोगाचा फिकेपणा, ओठांची निळाई, कुष्ठरोगाच्या चट्ट्याचा फिकट रंग, पुरळाची लाली या साऱ्या गोष्टी रंगाच्या किंचित फरकावर उभ्या आहेत आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो फरक मुळातच नाजूक असतो. आणखी एक मेख आहे. एकच आरशांची चकती आणि फिरते रंगीत चाक असलेल्या यंत्रांत पुष्कळदा चाकाला एक पांढरा भाग असतो. त्याने पांढरे चित्र उजळते, रंग उजळत नाहीत. तपासणी सोपी आहे: पूर्ण लाल, पूर्ण हिरवे आणि पूर्ण निळे चित्र लावून तिन्हींचे लक्स मोजावेत आणि बेरीज करावी. ती पांढऱ्याच्या जवळपास आली तर ठीक. पांढऱ्याच्या निम्म्यावर राहिली तर ते यंत्र तक्ते दाखवण्यास उत्तम आणि त्वचारोग दाखवण्यास निरुपयोगी आहे.

घरच्या हौशीसाठी माझा सल्ला यातूनच निघतो, आणि तो विक्रेत्यांना रुचणारा नाही. चित्रपटगृहात पडद्याची तेजस्विता ४८ कॅन्डेला प्रति चौरस मीटर ठेवण्याचा प्रघात आहे. साध्या पांढऱ्या शंभर इंची पडद्यावर तेवढी मिळवण्यास पडद्यावर पोहोचलेले सुमारे ४१५ ल्युमेन पुरतात. चारशे! चार हजार नव्हेत. अर्थात खोली काळोखी असेल तर. आपल्या जुन्या घरांतील उंच, चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या छताच्या खोल्या राहण्यास सुखद आहेत, पण पडद्यावरचा प्रकाश त्या चेंडूसारखा परत फेकतात. अधिक ल्युमेनचे यंत्र घेतले की परत येणारा प्रकाशही तितकाच वाढतो. तेव्हा पडद्यालगतच्या भिंतींना गडद, चकाकी नसलेला रंग आणि खिडक्यांना जाड पडदे यांवर खर्च केलेले काही हजार रुपये यंत्रावर खर्च केलेल्या लाखापेक्षा अधिक चित्र देतात. क्रिकेटसाठी हेही नको. हिरवे मैदान आणि लख्ख ऊन यांत काळ्याला कामच कमी. २४ फेब्रुवारी २०१० रोजी आपल्याच रूपसिंह स्टेडियमवर सचिनने दोनशे धावा काढल्या, तो डाव पुन्हा लावून पाहणाऱ्याला कॉन्ट्रास्ट आठास एक असला काय आणि ऐंशीस एक असला काय, आनंद तेवढाच. परंतु ‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावला की लगेच कळते. कृष्णधवल चित्रात रंग मदतीला येत नाहीत. सारा संसार काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या छटांवर चालतो.

ग्वाल्हेरच्या हवामानाचाही उल्लेख केला पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर बहुतेक यंत्रे ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. धूळ तर आपली पाचवीलाच पुजलेली. जाळी तुंबली की आतली उष्णता वाढते आणि एल.सी.डी. यंत्रांत पिवळे-निळे डाग उमटू लागतात. पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य जे काही हजार तास सांगितलेले असते, ते दिवा जळेपर्यंतचे नव्हे, तर उजेड निम्मा होईपर्यंतचे होय. लेसरच्या २०,००० तासांचा अर्थही बहुधा हाच. म्हणजे ज्या दिवशी यंत्र ‘अजून चांगले चालते’ असे आपण म्हणतो, त्या दिवशी ते निम्म्यावर आलेले असू शकते. डोळ्याला हे कळत नाही. तो सवयीचा गुलाम आहे.

काही स्नेह्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे: सभेत कोणी निदान करत नाही, केवळ कल्पना द्यावयाची असते. हे अर्धसत्य आहे. कठीण रुग्णाची चित्रे सभेत मांडून ज्येष्ठांचे मत घेण्याची आपली चांगली प्रथा आहे, आणि त्या मतावर दुसऱ्या दिवशी उपचार बदललेले मी पाहिले आहेत. अशा वेळी मूळ फिल्म किंवा मूळ डिजिटल प्रतिमा समोर असलीच पाहिजे. पडद्यावरील चित्रावरून मत देणाऱ्याने तसे स्पष्ट म्हणावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. एका भोजनाच्या खर्चात मीटर आणि सभागृहाच्या खिडक्यांचे जाड पडदे दोन्ही होतात. दिवे मालवल्यावर काही सभासदांना झोप लागते, हा तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. त्यावर उपाय असा की, पडद्यासमोरची ट्यूबलाइटची रांग वेगळ्या बटणावर घ्यावी, मागची मंद ठेवावी आणि चित्रे सलग एका ठिकाणी आणून तेवढ्यापुरताच पूर्ण अंधार करावा.

मंडळाकडे माझे मागणे इतकेच आहे की, येत्या वर्षी एक लक्समीटर घ्यावे आणि प्रोजेक्टरच्या खोक्यातच एक वही ठेवावी. दर तीन महिन्यांनी एका सभेपूर्वी, दिवे सभेत असतात तसेच ठेवून, तिच्यात तारीख, दिव्याचे तास, नऊ ठिकाणचे लक्स, सोळा चौकोनांचे गुणोत्तर, तीन रंगांची बेरीज आणि ५ टक्क्यांचा चौकोन शेवटच्या रांगेतून दिसला की नाही, एवढे लिहावे. गुणोत्तर पन्नासच्या खाली असेल त्या दिवशी एक्स-रे पडद्यावर दाखवू नयेत. व्ह्यू बॉक्स टेबलावर मांडावा आणि सभासदांनी पाच-पाच जणांनी येऊन पाहावे. शेवटच्या रांगेतून पाहण्याचे काम मी करीन. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली नाही, तोवर मीच त्यासाठी योग्य आहे.